दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणे. मग आत्या दुसऱ्यांदा का भाजली?

गोदाकाठची (सोमवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आज विचारायचंच आहे.

माझी आत्या, वय ६१, पंचवटीत जुन्या वाड्यात राहते. दीड वर्षापूर्वी कढईतलं तेल उजव्या हातावर आणि मांडीवर सांडलं. तीन आठवडे ड्रेसिंग झालं, मग सगळं ठीक. गेल्या आठवड्यात पुन्हा तेच. या वेळी मोदकपात्र उतरवताना उकळतं पाणी डाव्या हातावर आणि पोटावर गेलं. हात इतका भराभर सुजला की पाटल्या कापून काढाव्या लागल्या. सोन्याच्या होत्या, त्यामुळे रडारड दुप्पट.

वॉर्डमधल्या सिस्टरने केसपेपर भरताना विचारलं, "याआधी कधी भाजल्या होत्या का?" मी हो म्हटलं तर तिने पेन थांबवलं, आत्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "तेव्हा नेमकं काय झालं होतं?" आम्ही घरचे चौघं उभे होतो तिथे. एकालाही सांगता येईना. "स्वयंपाक करताना भाजली" याच्या पुढे कुणाकडे काही नव्हतं. आत्याकडेही नाही. "हातातून सुटलं गं" एवढंच.

घरात आता दोन पक्ष पडलेत. धाकटी काकू म्हणते साडेसाती. आतोबा म्हणतात हिचं लक्षच नसतं, डोळे टीव्हीकडे. मला दोन्ही पटत नाही. आत्या चाळीस-चाळीस पानांचा स्वयंपाक एकहाती काढणारी बाई आहे. तुमच्या घरात, ओळखीत कुणी दोनदा-तीनदा भाजलंय का? कारण काय निघालं?

तर्री_जास्त

आधी गॅसची नळी बघा. पाच वर्षांनी बदलायची असते, नळीवरच तारीख छापलेली असते. आमच्याकडे नळी माझ्या लग्नाहून जुनी निघाली. नळी बदलली.

गोदाकाठची

नळी नवीन आहे हो. आणि भडका कुठेच नाही, दोन्ही वेळा सांडलंय.

अंबडचा_फोरमन

साडेसाती वगैरे काही नसतं. मी फाउंड्रीत २२ वर्षं काढली (कंपनीचं नाव नको). वितळलेलं ॲल्युमिनियम ओतणारे सहा जण होते. भाजायचे त्यातले दोनच, आलटून पालटून. सगळे म्हणायचे हे दोघं धांदरट. मग एक नवा सेफ्टीवाला आला, तरुण पोरगा, त्याने अपघातांच्या जुन्या चिठ्ठ्या काढून जुळवल्या. तर हे दोघं कंत्राटी, डबल ड्यूटी करणारे, आणि भाजायची वेळ बहुतेकदा पहाटे तीन ते पाच. बूट दुसऱ्याच्या मापाचे, वरून सैल. थेंब उडाला की सरळ आत, आणि बूट काढेपर्यंत पाय शिजलेला.

अजून एक. रजिस्टरला त्यांचं भाजणं दर वेळी 'पहिलं'च होतं. ठेकेदार बदलला की माणूस नवा! त्यामुळे तीनदा भाजलेला माणूस कागदावर तीन वेगवेगळी माणसं. गोदाकाठची, तुमच्या सिस्टरने विचारलं ते फार मोठं काम केलं. दोन्ही वेळा घड्याळात किती वाजले होते ते आठवा.

आडगावनाका

नाशिकचं आणि आगीचं काय आहे कळत नाही. ८ ऑक्टोबर २०२२ ला पहाटे औरंगाबाद रोडवर खासगी बस पेटली, १२ जण गेले. मग १ जानेवारी २०२३ ला मुंढेगावच्या कंपनीला आग. त्यावर कुणी धागा काढत नाही.

तर्री_जास्त

@आडगावनाका, तुम्ही काढा की. इथे मोदकपात्राचं चाललंय.

सिस्टर_रातपाळी

मी वाचत होते, न राहवून लिहितेय. जळीत वॉर्डात एकूण १४ वर्षं झाली. दुसऱ्यांदा आलेला पेशंट आम्ही चेहऱ्याने नाही, जुन्या व्रणावरून ओळखतो. चादर बाजूला केली की कळतं, या बाई आधी येऊन गेल्यात.

पहिलं नाव फिटचं घ्यावं लागेल. आकडी म्हणा, फेफरं म्हणा. पेठ तालुक्यातली एक बाई चार वर्षांत तीनदा आली. चूल जमिनीवर, ही समोर बसलेली, फिट आली की हात निखाऱ्यात. आपल्याला चटका बसला तर हात आपोआप मागे येतो. फिटमध्ये तो येत नाही, तिथेच राहतो. म्हणून फिटचं भाजणं दिसायला वीतभर आणि खोलीला हाडापर्यंत. पहिल्या दोन्ही कार्डांवर लिहिलेलं, "चुलीत पडून भाजली". पडली का, हे कुणी लिहिलंच नव्हतं. तिसऱ्या वेळी तिच्या सात-आठ वर्षांच्या पोराने सांगितलं, "आई आधी तोंड वाकडं करते." गोळ्या सुरू होत्या कधीकाळी. संपल्या, तालुक्याला जायला बसभाडं नाही, बंद. बोटं तीन गेली तिची. आम्ही घरी पाठवताना नवऱ्याला सांगितलं, ओटा कर, मातीचा का होईना, कमरेइतका, आणि ही एकटी असताना चूल पेटवायची नाही. पुढे आली नाही ती. बरी असेल असं मी धरून चालते.

दुसरी दारू. तिसरं बधिर हातपाय, म्हणजे जुनी साखर किंवा कुष्ठरोग. त्यांना चटका कळतच नाही, फोड दिसतो तेव्हा समजतं. चौथं वय, नजर आणि तोल. आणि एक कारण असं आहे की ते पेशंट सांगत नाही आणि नातेवाईक सांगू देत नाहीत. त्यावर नंतर लिहीन, ड्यूटीची वेळ झाली.

निफाडचा_गारवा

सिस्टर, दारूबद्दल लाख बोललात. आमच्याकडे थंडीत पारा खाली गेला की द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. राखणीला एक काका होते. दोन घोट पोटात, शेकोटीला पाठ करून आडवे. पहिल्या वर्षी सदरा पेटला. दुसऱ्या वर्षी नायलॉनचं जॅकेट, ते तर अंगालाच चिकटलं. तिसऱ्या वर्षी मालकाने माणूस बदलला, काकांची दारू तशीच.

कॉफी_कमी_साखर

बधिर पायांवरून. माझे वडील, मधुमेह २५ वर्षं. हिवाळ्यात पाय गार पडतात म्हणून गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपले. सकाळी टाचेला लिंबाएवढा फोड. बरा व्हायला तीन महिने. पुढच्या हिवाळ्यात पिशवी आम्ही लपवली, तर यांनी इस्त्री केलेला टॉवेल गुंडाळला. दुसरा पाय! आता नियम असा की पाणी, शेक, काहीही असो, आधी आईच्या कोपराला लावायचं. बाबा म्हणतात, लग्नाला पन्नास वर्षं झाली, आता माझं तापमानही हीच ठरवते.

सिडकोचा_नातू

आमचे आजोबा दोनदा भाजले, दोन्ही वेळा चेहरा. फुप्फुसाचा आजार, घरी ऑक्सिजनचं मशीन, नाकात नळी, आणि सिन्नरची विडी सुटत नाही. पहिल्यांदा नळी लावूनच काडी ओढली. मिशी, भुवया, नाकाचा शेंडा. आजी इतकी ओरडली की आजोबांनी शपथ घेतली, आता मशीन बंद करूनच ओढीन. दुसऱ्यांदा खरंच बंद केलं होतं. पण शाल, उशी, दाढी यांत ऑक्सिजन बराच वेळ भरून राहतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. काडी लावली आणि शाल भुर्रकन गेली. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जे जळतंय त्याला वेड लावतो.

आता काडेपेटी देवघरातूनसुद्धा हलवली आहे. दिवा आजी शेजारच्या घरातून पेटवून आणते. आजोबा बाल्कनीत बसून गल्लीतल्या पोरांकडे विडी मागतात.

घरचा_वैद्य

प्रतिबंध जाऊ द्या, उपचार बघा. भाजल्याबरोबर टूथपेस्ट लावा, फोड येत नाही. आजीचा बटवा.

चष्मेवाला_डॉक्टर

नको हो. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बटाट्याचा कीस, बर्फ, काहीच नको. साधं नळाचं वाहतं पाणी, २० मिनिटं, घड्याळ लावून. तीन तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो. अंगठ्या-बांगड्या सूज यायच्या आधी काढा. वर स्वच्छ सुती कापड सैल झाका आणि दवाखाना गाठा.

तर्री_जास्त

२० मिनिटं वाहतं पाणी? डॉक्टर, आमच्या भागात नळाला एवढा वेळ पाणी आलं तर आम्ही भाजलेलं विसरून आधी टाक्या भरू.

चष्मेवाला_डॉक्टर

बादली आणि तांब्या. तेवढं नाशिककराकडे असतं. :)

सिस्टर_रातपाळी

राहिलेलं लिहिते. काही बायका दुसऱ्यांदा येतात ते घरच्याच माणसामुळे. घरात सिलिंडर, स्टोव्ह कधीच भंगारात गेलेला, तरी कारण "स्टोव्हचा भडका". पाणी पाठीवर सांडलेलं आणि म्हणे आमटी ढवळताना. विचारलं बाईला की उत्तर देतो नवरा. पहिल्या वेळी आम्ही जखम बरी करून तिला पुन्हा त्याच घरात पाठवतो आणि तिथेच चुकतो.

सडेतोड_नाना

आलं का वळणावर! म्हणजे आता प्रत्येक भाजलेल्या बाईमागे सासू शोधायची? धागाकर्तीची आत्या मोदक करत होती.

सिस्टर_रातपाळी

शोधायची नाही नाना, विचारायचं. एकटीला, पडदा ओढून, बरोबरच्याला औषधं आणायला धाडून. दहातल्या नऊ जणी "नाही हो सिस्टर" म्हणतील. मी त्या दहावीसाठी विचारते. असल्या केसची पोलिसात नोंद होते, ती वेगळी. पण पोलीस येईपर्यंत तिचं उत्तर पाठ झालेलं असतं.

ओटा_आणि_मी

नाना, माझी मावशी अशीच दोनदा भाजली. पहिल्या वेळी आम्ही सगळ्यांनी "भडका उडाला" हे मान्य केलं, कारण ते सोपं होतं. एवढंच लिहिते. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी महिला हेल्पलाइन १८१.

सडेतोड_नाना

माझा सूर चुकला. मावशी आता कशा आहेत?

ओटा_आणि_मी

माहेरी. शिवण करते. बरी आहे.

सिस्टर_रातपाळी

आणि काही जणी-जण स्वतःच स्वतःला इजा करून घेतात. त्यांना दुसऱ्यांदा येऊ द्यायचं नसेल तर जखमेच्या डॉक्टरांइतकीच मनाच्या डॉक्टरांची गाठ घालून द्यावी लागते. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास असतो, मराठीत बोलतात.

जेलरोडची_सून

मी स्वतः दोनदा भाजलेली. सहसा सांगत नाही, इथे टोपणनाव आहे म्हणून सांगते.

पहिल्यांदा सिंथेटिक गाऊन, मागच्या बर्नरवरून डबा काढायला वाकले, बाही पेटली. उजवा हात, काख, मान. मांडीची कातडी काढून हातावर लावली. सगळ्यांनी डागांची चौकशी केली. चेहऱ्याला काही नाही ना, असं तर प्रत्येकाने विचारलं. पण ही घरी जाऊन पोळ्या कशा करणार, हे एकानेही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

लावलेली कातडी म्हणजे दुसऱ्याचा हातमोजा घातल्यासारखी. घाम येत नाही. गरम-गार नीट कळत नाही. पातळ इतकी की पातेल्याची कड घासली तरी फोड. व्रण आखडत गेला तशी बोटं पूर्ण मिटेनात. सांडशी धरायची म्हणजे चार बोटांची पक्की मूठ लागते, माझी दोनच मिटायची. डॉक्टरांनी दाब देणारा घट्ट कपडा दिला होता, दिवसाचे २३ तास, वर्षभर तरी घालायचा. मे महिन्यात नाशिकरोडच्या पत्र्याच्या खोलीत घालून बघा! मी दुपारचा काढायला लागले, मग रात्रीचाही. व्यायाम रडू येतं म्हणून सोडले. दहाव्या महिन्यात दुधाचं पातेलं सांडशीतून निसटलं आणि दोन्ही पावलं गेली.

म्हणजे बघा, दुसऱ्या भाजण्याचं कारण पहिलं भाजणंच होतं. लोक म्हणत होते, किती निष्काळजी. दुसऱ्या वेळी फिजिओवाल्या ताईंनी नवऱ्याला बोलावून कणीक मळायला लावली आणि माझ्या हातात रबरी चेंडू दिला. आता घरात जड भांडं उचलायचंच नाही. डाळ कुकरमधून वाटीने काढते. दूध जिथे तापतं तिथेच निवतं. आणि स्वयंपाकाला सुती साडी, पदर खोचून.

अंबडचा_फोरमन

जेलरोडताई, तुमचा प्रतिसाद वर चिकटवून ठेवायला हवा.

चष्मेवाला_डॉक्टर

सहमत. आत्याच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. गोदाकाठची, पाच गोष्टी विचारतो. आत्यांना साखर आहे का? असेल तर कोणती गोळी, की इन्सुलिन? दोन्ही वेळा वाजले किती होते? त्या दिवशी जेवण कधी झालं होतं? पहिल्या वेळेनंतर उजव्या हाताची पकड पूर्ण आली का? आणि सांडायच्या आधीची दोन मिनिटं त्यांना आठवतात का? शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. आठवत नसतील तर ते "लक्ष नव्हतं" म्हणून सोडून देऊ नका.

गोदाकाठची (गुरुवार, दुपारी)

साखर आहे, बारा वर्षं. गोळीचं नाव बघून सांगते. पकड चांगली आहे, परवाच माझा कान पिरगाळला. दोन्ही वेळा संध्याकाळ होती, दिवेलागणीनंतर. आधीचं काही आठवत नाही म्हणते, "घाम आला होता खूप, पण गॅसपाशी येतोच."

जेवणाचं तिलाही आठवेना. मग मी वाड्यावर जाऊन जुनं कालनिर्णय शोधलं. आत्या रद्दीत देत नाही, मागच्या पानांवर पाककृती असतात म्हणून. तारखांच्या चौकोनात दुधाचे हिशोब, सिलिंडर लावल्याची खूण, आणि दीड वर्षापूर्वीच्या एका चौकोनात तिच्या बारीक अक्षरात "हात भाजला". त्याच चौकोनात वर छापलेलं: संकष्ट चतुर्थी.

गेल्या आठवड्यातलीही संकष्टीच होती. म्हणून तर मोदक.

आडगावनाका

अंगावर काटा आला. बाप्पाचं काही राहिलंय का बघा हो. नवस वगैरे.

चष्मेवाला_डॉक्टर

बाप्पाला मधे घालू नका, त्याची बाजू मी घेतो. संकष्टी म्हणजे चंद्रोदयापर्यंत उपास. सकाळची साखरेची गोळी मात्र सवयीने घेतलेली. ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि पोटात काही गेलं नाही, तर संध्याकाळपर्यंत रक्तातली साखर फार खाली जाऊ शकते. ७० च्या खाली गेली की हातपाय कापतात, दरदरून घाम येतो, डोकं चालेनासं होतं. एरवी घरच्यांच्या लक्षात येईल. पण गॅससमोर घामाने थबथबलेली बाई कुणाला वेगळी वाटणार? आणि नेमक्या त्याच वेळी घरात नैवेद्याची तळणी, उकड, सगळं उकळतं.

हा अंदाज आहे, निदान नाही. फिटची शक्यताही बघायला हवी, पायाची संवेदनाही. गोळी मनाने बंद करू नका. वॉर्डातल्या डॉक्टरांना हे कालनिर्णयच दाखवा.

सिस्टर_रातपाळी

घेऊन जाच. सुट्टीच्या कार्डावर "मधुमेह" एका रकान्यात आणि "भाजणे" दुसऱ्या रकान्यात असतं. मधली रेघ ओढायला कुणाला वेळ नसतो.

तर्री_जास्त

मी नळीचं म्हणालो होतो ते मागे घेतो.

गोदाकाठची (चार आठवड्यांनी)

सगळ्यांना उत्तर द्यायचं राहिलं होतं. डॉक्टरांनी कालनिर्णय खरंच हातात घेऊन बघितलं, हसले नाहीत. गोळी चष्मेवाल्या डॉक्टरांनी लिहिली त्याच गटातली निघाली. फिटसाठीची तपासणी साफ आली. पाय थोडे बधिर आहेत, त्यामुळे अनवाणी रामकुंडावर जाणं बंद. गोळी बदलली आणि तूर्तास उपास नको असं स्पष्ट सांगितलं.

आत्याने मान डोलावली आणि परवाची संकष्टी गुपचूप धरली. सकाळचा फराळ केला म्हणाली, तो बाल्कनीत कावळ्यांना गेला होता. आतोबांना संशय आला. संध्याकाळी साडेसहाला तिला खुर्चीत बसवून बोटाला सुई टोचली. मशीनवर ६१. नवी गोळी असूनही. आणि ही म्हणते कशी, "मला काहीसुद्धा होत नाहीये." बोलताना पदराने कपाळ पुसत होती. साखरपाणी दिलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, मग आतोबांनी डॉक्टरांना फोन केला.

टीव्हीचा आरोप त्यांनी मागे घेतलाय, मोठ्याने नाही. काकूची साडेसाती अजून आहे.

पुढच्या चतुर्थीचा तह असा झालाय की फराळ आतोबांच्या डोळ्यांसमोर करायचा, आणि संध्याकाळी गॅसला आत्याने हात लावायचा नाही. मोदक विकतचे. खिचडी आतोबा करणार. काल रंगीत तालीम झाली, साबुदाण्याचा एकच लाडू झाला, कढईच्या आकाराचा. आत्या खुर्चीवरून सांगत होती आणि ते ऐकत नव्हते.

तर्री_जास्त

साबुदाणा रात्रभर भिजवला की तासभर, ते सांगा. धागा आता योग्य हातात आलाय.